आत्याचा पास आणि सुपारीचा रकाना

"पास कोण आणणार?" माणूस गेल्यावर पहिल्या तासाभरात आपल्याकडे हा प्रश्न येतोच (पास म्हणजे अंत्यविधीसाठी महापालिकेकडून आणायचा कागद), आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं, सगळ्यात कमी रडतोय तो. जावई, भाचा, शेजारचा मुलगा, ऑफिसातला कुणीतरी. आमच्याकडे तो मी होतो. म्हणजे रडत नव्हतो असं नाही, पण बाईकची किल्ली माझ्या खिशात होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, वय ८१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पुण्यात कोथरूडला एकटी राहायची, एकटी कसली म्हणा, वरच्या मजल्यावर ती आणि खालच्यावर आम्ही. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, बरीच वर्षं इंग्लंडात. रात्री अडीचला बायको तिला औषध द्यायला वर गेली आणि लगेच खाली आली, म्हणाली चल, अंग गार लागतंय. बास, एवढंच.

त्या पहाटे काय काय झालं ते लिहून ठेवतोय कारण मी चुकलोय, आणि चूक निस्तरायला अडीच महिने गेले, आणि ज्या कामात चुकलो ते काम आपण सगळे 'बाहेरचं, फिरण्याचं काम' समजतो.

पहिली गोष्ट. समोरचे काका (यांना सगळं माहीत असतं, प्रत्येक सोसायटीत एक असतात) म्हणाले रिक्षात घालून हॉस्पिटलला नेऊ, तिथे ते सर्टिफाय करतील, मग पुढचं सोपं. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण बायकोचा भाऊ डॉक्टर आहे, तिने त्याला फोन लावला, तो म्हणाला अजिबात नेऊ नका. श्वास आहे की नाही अशी जरा जरी शंका असेल तर प्रश्नच नाही, १०८ ला फोन करा आणि पळा. पण माणूस गेलाय हे स्पष्ट असेल आणि तुम्ही त्याला कॅज्युअल्टीत नेलंत, तर तिथल्या डॉक्टरने त्या माणसाला कधी बघितलेलंच नसतं, तो कारण काय लिहिणार? तो 'ब्रॉट डेड', म्हणजे आणलं तेव्हाच मृत, असं लिहितो, पोलिसांना कळवतो, मग पंचनामा आणि बहुतेक वेळा पोस्टमॉर्टेम, म्हणजे ससून हॉस्पिटलच्या डेडहाऊसबाहेर बाकड्यावर दिवस. यात त्या डॉक्टरची काही चूक नाही, नियमच तसा आहे. पण ८१ वर्षांची बाई स्वतःच्या पलंगावर झोपेत गेली तर त्यासाठी हे सगळं करायची गरज नसते. गरज असते ती तिला आधीपासून बघणाऱ्या डॉक्टरची.

आता पहाटे तीनला तो डॉक्टर मिळवणं. आत्याचे नेहमीचे डॉक्टर सत्तरीचे, फोन सायलेंटवर. जवळच एक तरुण डॉक्टर राहतात, त्यांना उठवलं, ते बिचारे ट्रॅकपँटवर आले, नाडी बघितली, डोळ्यात बॅटरी मारली, म्हणाले गेल्यात. पण फॉर्म मी नाही देऊ शकत, मी त्यांना कधी तपासलेलंच नाही. तेव्हा मला राग आला, आता नाही येत. शेवटी पाच वाजता आमचे डॉक्टर फिरायला जायला उठले तेव्हा बावीस मिस्ड कॉल दिसले आणि ते तसेच आले.

त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. आधी दोन मिनिटं नुसते आत्याजवळ उभे राहिले, मग म्हणाले फाईल आणा. मी म्हटलं सर, हार्ट बंद पडलं असं लिहा ना. तर म्हणाले, "हार्ट सगळ्यांचंच बंद पडतं रे, ते कारण नव्हे." मग गेल्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड, इको, शुगरचे रिपोर्ट बघून त्यांनी तो फॉर्म भरला, घरी मृत्यू झाला की फॉर्म ४-ए असतो, हॉस्पिटलमध्ये झाला तर फॉर्म ४. त्यात आधी शेवटचं कारण, मग ते कशामुळे, मग ते कशामुळे, अशी खाली खाली उतरत जाणारी साखळी लिहायची असते, नुसतं 'वृद्धापकाळ' लिहून हात झटकायचे नसतात. खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. पैसे विचारले तर नाही म्हणाले. नंतर मेव्हण्याने सांगितलं की हे कायद्यातच आहे, शेवटच्या आजारपणात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने मृत्यूच्या कारणाचा दाखला लगेच आणि फी न घेता द्यायचा. ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्या डॉक्टरांपुढे मी कायदा काढला नसता.

जाता जाता त्यांनी दोन प्रश्न विचारले. पेसमेकर होता का? नव्हता. असेल तर विद्युतदाहिनीत द्यायच्या आधी काढावा लागतो, आत बॅटरी फुटते. दुसरा, नेत्रदान? आत्याने कधीतरी फॉर्म भरला होता पण तो कुठे होता देव जाणे. डॉक्टर म्हणाले फॉर्म नसला तरी चालतं, घरच्यांनी हो म्हटलं की झालं, फक्त सहा तासांच्या आत, आणि तोवर पंखा बंद करा, पापण्यांवर ओला कापूस ठेवा. तीन तास तर आमचे फोनाफोनीतच गेलेले. नेत्रपेढीची माणसं साडेसातपर्यंत येऊन गेली सुद्धा, वीस मिनिटांचं काम, तोंडावर काहीही कळून येत नाही.

या सगळ्याच्या मध्येच आतेभावाचा फोन. त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पहिली पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "अरे, रजिस्टर केलंस का? आधी रजिस्टर कर, मग बाकीचं." मला कळेना हा काय बोलतोय. मी म्हटलं ते नंतर होतं रे, महिन्याभरात सर्टिफिकेट आणू, आत्ता पास आणायचाय. तो हो हो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं त्याच्या जागी. तिकडे इंग्लंडमध्ये डॉक्टरने लिहिलेलं कारण आधी मेडिकल एक्झामिनर, म्हणजे उपचारांशी संबंध नसलेला दुसरा डॉक्टर, तपासतो, सप्टेंबर २०२४ पासून हे सक्तीचं झालंय, मग ते कागद थेट रजिस्ट्रारकडे जातात, आणि पाच दिवसांच्या आत घरच्या माणसाने अपॉइंटमेंट घेऊन रजिस्ट्रारसमोर बसून नोंद करायची. तो एक हिरवा कागद देतो, ग्रीन फॉर्मच म्हणतात त्याला, तो फ्युनरलवाल्याला दिला की मग पुढचं. त्याच्या शेजारच्या आजोबांचा अंत्यविधी अठराव्या दिवशी झाला होता. अठराव्या! आपल्याकडे तोवर तेरावाही होऊन गेलेला असतो. पण त्याने सांगितलेली एक गोष्ट डोक्यात राहिली. तिकडे रजिस्ट्रारसमोर जवळचा माणूस बसतो, मुलगा, मुलगी, बायको. शांतपणे, खुर्चीवर, पाण्याचा ग्लास समोर ठेवून. नाव नीट विचारतात, लग्नाआधीचं नाव विचारतात, लिहिलेलं वाचून दाखवतात आणि मग सही.

आणि आपल्याकडे मी. पहाटे सहा वाजता, जर्किन उलटं घातलेलं (हे बायकोने नंतर सांगितलं), खिशात आत्याचं आधार, माझं आधार आणि डॉक्टरांचा तो फॉर्म, महापालिकेच्या दवाखान्यातल्या पासाच्या खिडकीसमोर.

माझी अशी समजूत होती की पास म्हणजे गेटपास. वैकुंठ स्मशानभूमीत शिरायला लागतो तसा. दाखवायचा आणि विसरायचा. पण खिडकीतल्या माणसाने जो फॉर्म सरकवला ना, तीच मृत्यूची नोंद असते हो! तुम्ही तिथे जे लिहिता तेच पुढे रजिस्टरमध्ये चढतं आणि तेच सर्टिफिकेटवर छापून येतं. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा, २१ दिवसांत कळवायचं, हे सगळं आपण ऐकलेलं असतं, पण ते 'कळवणं' म्हणजे वेगळं कुठेतरी जाऊन करायचं काम असं वाटत राहतं, आणि ते तर पहाटे सहाला बॉलपेनने होऊन गेलेलं असतं. म्हणजे आतेभाऊ म्हणत होता तेच. आपल्याकडेही आधी नोंद आणि मग अंत्यविधी. फक्त आपण तिला पास म्हणतो आणि भाच्याला पाठवतो.

फॉर्मवर नाव आधारवरून लिहिलं. नवऱ्याचं नाव लिहिलं. आईचं नाव आलं तेव्हा एकदम अडकलो, आत्याची आई म्हणजे माझीच आजी, आणि मला 'आजी'शिवाय काही आठवेना, बाबांना फोन करून विचारलं, बाबांना ते सांगताना रडू फुटलं, मी खिडकीपाशी फोन कानाला लावून उभा, मागे तीन माणसं. मग व्यवसाय, धर्म. मग आला तो रकाना. बिडी-सिगारेट ओढत असल्यास किती वर्षं, तंबाखू खात असल्यास किती वर्षं, सुपारी खात असल्यास किती वर्षं, दारू पीत असल्यास किती वर्षं. खरंच असतं हे, कुणाला पटत नसेल तर फॉर्म बघा.

सुपारी. आत्याची सुपारी! तिचा पितळी अडकित्ता, जेवण झालं की कट् कट् आवाज, कात्रण इतकं बारीक की वाऱ्याने उडावं. शाळेतून निवृत्त झाली तेव्हा पोरांनी चांदीची सुपारीची डबी दिली होती. किती वर्षं? मला आठवतंय तेव्हापासून, म्हणजे चाळीस तरी. त्याआधीची कुणाला माहीत. खिडकीतला माणूस म्हणाला "टाका अंदाजे". मी ४० टाकलं, आणि तिथे मला पहिल्यांदा हुंदका आला, आधार कार्ड बघून नाही, डॉक्टरांचा फॉर्म बघून नाही, सुपारीपुढे ४० लिहिताना. मागचा माणूस म्हणाला बसा दोन मिनिटं. त्याच्या हातात पण तसाच फॉर्म होता.

आणि मग त्याच अवस्थेत मी मृत्यूचं ठिकाण लिहिलं. फ्लॅट नंबर आमचा लिहिला. आत्याचा नाही, आमचा, खालचा. आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर जो नंबर लिहीत आलोय तो हाताने आपोआप लिहिला. खिडकीतल्या माणसाने वाचायला दिलं होतं, मी 'बरोबर आहे' म्हणून सही केली. त्याने अजून एक विचारलं होतं, दुसरं काही नाव, ऊर्फ वगैरे? मी म्हटलं नाही.

नाही! आत्याची नोकरी लग्नाआधी लागलेली. सर्व्हिस बुकात माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, पेन्शन त्याच नावावर, पेन्शनचं खातं त्याच नावावर. लग्नात तांदळात नाव लिहून बदललेलं, ते सासरचं नाव आधारवर, फ्लॅटवर, रेशनकार्डावर. कागदोपत्री आमची आत्या दोन बायका होती आणि मी त्यातल्या एकीचीच नोंद करून आलो. आतेभाऊ असता तर त्याला हे माहीत होतं. बाबांना तर माहीतच होतं. पण ते दोघं 'जवळचे' ना, त्यांना कसं पाठवणार.

पुढचं थोडक्यात सांगतो. आतेभाऊ म्हणाला मी येतोय, थांबा, मग शीतपेटी आणली, दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोचला, मुंबईहून टॅक्सीने. शववाहिनी सांगितली होती, तिरडीचं सामान नव्या पेठेतून, दुकानदाराला काही सांगावं लागत नाही, तो मडक्यापासून सुतळीपर्यंत सगळं स्वतःच काढून ठेवतो आणि भावही करत नाही, आपणही नाही. वैकुंठात विद्युतदाहिनी. पास दाखवला, तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद झाली, तीही पक्की नोंद असते बरं का, दहनाची पावती जपून ठेवा. अस्थी आळंदीला. दहाव्याला ओंकारेश्वरला कावळा पहिल्या पाच मिनिटांत शिवला. बाबा म्हणाले तिची काही इच्छाच नव्हती कधी. मला मात्र वाटत होतं की कागद नीट कर म्हणून ती थांबायला हवी होती.

कारण आदल्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयातून सर्टिफिकेटच्या सहा प्रती आणल्या होत्या आणि आतेभाऊ त्या बघून म्हणाला होता, "आई तुमच्या घरी गेली?"

सोसायटीच्या सेक्रेटरींना ते फार खटकलं नाही, पण बँकेला नाव खटकलं. पेन्शनवाल्यांना तर खटकलंच, त्यांच्या लेखी पेन्शन घेणारी बाई जिवंत होती आणि मेलेली बाई कोणी दुसरीच. बरं, मृत्यूच्या नोंदीतली चूक खोडून दुरुस्त करता येत नाही, आणि हे योग्यच आहे, नाहीतर काय वाट्टेल ते होईल. मूळ नोंद तशीच राहते, तिच्या शेजारी समासात दुरुस्ती लिहितात, तारीख घालून रजिस्ट्रार सही करतो. त्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांचे पुरावे, वीजबिल, लग्नाची पत्रिका (१९६७ सालची, बाबांच्या ट्रंकेत सापडली, कडा वाळवीने खाल्लेली, पण दोन्ही नावं शाबूत!), आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं सांगणारं आणखी एक प्रतिज्ञापत्र. आतेभावाची सुट्टी संपली, तो गेला, मग त्याच्या सहीसाठी कागद तिकडे पाठवा, परत मागवा. चार खेपा मला, दोन बाबांना. खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या, एकदा म्हणाल्या, "दर आठवड्याला एक तरी फ्लॅट नंबरवाला येतोच." मला जरा बरं वाटलं.

त्या बाईंनीच सांगितलेलं एक, ज्यांचं माणूस हॉस्पिटलमध्ये जातं त्यांच्यासाठी. तिथे नोंद हॉस्पिटल पाठवतं, तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून, आणि ती जिथे मृत्यू झाला तिथल्या ऑफिसात होते, तुम्ही राहता तिथे नाही. पिंपरीतल्या हॉस्पिटलमध्ये गेलेल्या माणसाचा अंत्यविधी तुम्ही वैकुंठात केलात तरी सर्टिफिकेट पिंपरी-चिंचवडलाच. गावाकडची माणसं पुण्यात उपचाराला आणतात, इथे वारतात, गावी नेऊन अग्नी देतात, आणि मग तीन महिने ग्रामपंचायतीत खेटे घालतात की आमच्या म्हाताऱ्याची नोंद का नाही. ती इथे असते, पुण्यात. तशीच न घेतलेली पडून. आणि खरंच नोंद राहून गेली असेल तर जितका उशीर तितकी वरची पायरी, ३० दिवसांपर्यंत नुसती लेट फी, त्यापुढे वर्षभरापर्यंत लेखी परवानगी, वर्ष उलटलं की थेट मॅजिस्ट्रेटचा आदेश.

या रविवारी मी एक वही केली. आईची, बाबांची, माझी, बायकोची एकेक पान. आधारवरचं नाव, दुसरं कुठलं नाव कुठल्या कागदावर आहे ते, आईवडिलांची पूर्ण नावं, फ्लॅट नंबर (हो, तोही), डॉक्टरांचा घरचा फोन, कुणाची फाईल कुठल्या कपाटात. आईला वाटलं मी तिच्या जाण्याची तयारी करतोय, दोन तास बोलली नाही. संध्याकाळी चहाला आली आणि वही ओढून घेतली. चष्मा लावून स्वतःचं पान वाचलं. माहेरच्या नावातला ऱ्हस्व दीर्घ केला. मग जन्मतारखेवर बोट ठेवून म्हणाली, "ही खोटी आहे."

मी म्हटलं आधारवर १ जूनच आहे.

"असेल. मास्तरांनी अख्ख्या वर्गाची १ जूनच टाकली होती. मी श्रावणातली आहे."

मग मी खोडायला पेन उचललं तर माझा हात धरला. "खोडू नकोस. सगळीकडे तीच आहे, तीच राहू दे. शेजारी लिही हवं तर."

मी शेजारी, समासात, श्रावण लिहिलं.